हात गुडघ्याखाली फारसे जातच नाहीत, तरी योगा जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, आयटीत नोकरी, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. उभं राहून वाकलं की बोटं गुडघ्याच्या चार बोटं खाली जाऊन थांबतात, मांडी घातली की दोन्ही गुडघे हवेत. क्लास लावला तर शेजारच्या साठीच्या काकू पायाचे अंगठे धरून निवांत बसलेल्या आणि तुम्ही घामाघूम, पाचव्या दिवशी वाकताना मांडीच्या मागे काहीतरी खटकन झालं आणि क्लास तिथेच सुटला. आता विचारताय की आधी अंग मोकळं करून घेऊ आणि मग योगा सुरू करू, का हा प्रकार आपल्यासाठी नाहीच म्हणून नाद सोडू.

आधी अंग मोकळं करून मग योगा म्हणजे कामवाल्या मावशी यायच्या आधी आपणच घर झाडून ठेवतो तसं झालं. तसलं काही करायचं नाहीये. पण तुम्हाला दोष नाही देत मी, पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एका मापाने पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, करायला लावलं की आखडलेल्या माणसाला हेच वाटणार. मी डोंबिवलीत सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळची बॅच घेते, एकोणीस वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक तुमच्यासारखेच येतात, लोकलला उभ्याने लटकून, मग ऑफिसात दिवसभर बसून, परत लटकून आखडलेले. मुळात लवचिक माणूस क्लास लावायला फारसा येतच नाही, आणि आला तर मला त्याच्यावर जास्त डोळा ठेवावा लागतो, कारण त्याचं अंग त्याला कुठेच थांब म्हणत नाही, तो सांध्यांवर लोंबकळतो आणि वर्षा-दोन वर्षांनी खांदा नाहीतर कंबर दुखते म्हणून येऊन बसतो. तुमच्या अंगाला निदान ब्रेक तरी आहेत.

आता एक गोष्ट लगेच करून बघा, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. जमिनीवर पाय समोर सरळ पसरून बसा, दंडासन म्हणतात ते, हात मागे न टेकता. काय होतंय? कंबर मागे गोल होते, पोट दबतं, खांदे पुढे येतात, गुडघे किंचित उचलले जातात आणि मिनिटभरात मांडीचा वरचा भाग थरथरायला लागतो. म्हणजे अजून वाकलाही नाहीत, नुसते बसलात तरी दमलात. आता उठा, घरातल्या दोन सोलापुरी चादरी घ्या, घड्या घालून एकावर एक ठेवा, चार-पाच इंच उंची झाली पाहिजे, आणि त्यांच्या अगदी कडेवर बसा, बूड वर आणि मांड्या उतारावर. मग एकेका हाताने बुडाखालचं मांस मागे ओढून घ्या, लाजू नका, सगळेच करतात. म्हणजे बैठकीची जी दोन टोकदार हाडं असतात ती थेट चादरीवर टेकतात. गुडघे थोडे वाकलेले राहू द्या. कंबर आपोआप उभी राहिली ना? छातीत श्वास शिरायला जागा झाली ना? पाय तेच, स्नायू तेच, फक्त जमीन चार इंच वर आली.

होतं काय की मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना जिममधली मुलंसुद्धा आता हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते या बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. ते ताठर असले आणि तुम्ही पाय सरळ केलात की ते बैठकीचं हाड गुडघ्याकडे ओढून धरतात. पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, हे एक पातेलं समजा, खालून कुणीतरी पुढे ओढलं की ते मागे कलंडतं, आणि पातेल्यावर उभा असलेला कणा मग गोलच होणार, दुसरं काय होणार. अशा अवस्थेत कुणी म्हणालं की वाका आणि अंगठे धरा, तर पातेलं काही हलत नाही, मग सगळं वाकणं कमरेच्या शेवटच्या चार-पाच मणक्यांवर येतं. म्हणून आखडलेल्या माणसाला वाटतं की माझी पाठ कडक आहे, आणि तो पाठ अजून अजून वाकवत बसतो. पाठ बिचारी आधीच जास्त वाकत असते, अडतंय ते खुब्याच्या सांध्यापाशी. पुढे वाकण्याचं कुठलंही आसन म्हणजे खुब्यातून पातेलं पुढे ओतणं, हात कुठे पोचले याचा त्याच्याशी संबंध नाही. मला आखडलेल्या माणसाला एकच गोष्ट शिकवायची परवानगी असती तर मी ही शिकवली असती.

माझ्याकडे एक काका यायचे, एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्य घाटात क्लच दाबण्यात गेलेलं. रिटायर झाल्यावर आले. डावा पाय उजव्यापेक्षा कडक, जमिनीवर बसायचे तर आधी खुर्चीला धरून एक गुडघा, मग दुसरा, मग धप्प. त्यांना योगाबिगा काही नको होता, त्यांचं म्हणणं एवढंच की गणपतीत घरच्या पूजेला मला पाटावर बसायचंय, तीन वर्षं खुर्चीत बसून पूजा करतोय आणि भटजी दरवर्षी म्हणतात चालतं हो काका. पहिल्या दिवशी त्यांना तीन चादरी आणि वर लोड असं जवळजवळ फुटभर उंच बसवलं, मांडी घालून, दोन्ही गुडघ्यांखाली एकेक उशी. ते ओशाळले, म्हणाले मॅडम हे तर सिंहासन झालं. पण मी त्यांच्या पाठीला मागून हात लावून बघत होते, कमरेच्या जागी जिथे एवढी वर्षं बाक होता तिथे एकदम पन्हळ तयार झाली, दोन्ही बाजूंचे स्नायू मऊ पडले आणि काका काही न बोलता डोळे मिटून बसले, पाच-सहा मिनिटं. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक घडी कमी करत गेलो. त्यात दोनदा परत उंची वाढवावी लागली, एकदा थंडी होती आणि एकदा ते गावी लग्नाला जाऊन आले होते म्हणून. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत ते पाटावर बसले, पाटाखाली घडीची सतरंजी होती, पण ती कुणाला दिसत नव्हती.

हे उशा-चादरींचं प्रकरण म्हणजे लाडावणं आहे, खरा योग असा नसतो, असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा की योगगुरू बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी आजारी आणि कडक अंगाचे होते. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे विटा, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या, लोड हे सगळं आसनांत आणलं ते त्यांनीच, आज जगभर ज्या फोमच्या विटा विकल्या जातात त्या तिथूनच निघाल्यात. आणि जुनं बघायचं तर पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली ४६ ते ४८. पहिलं सगळ्यांना पाठ असतं, स्थिरसुखमासनम्, आणि त्याच्या पुढचं प्रयत्नशैथिल्यापासून सुरू होतं, म्हणजे जोर सैल सोडण्यापासून. अंगठ्याला हात लावा असं त्यात कुठेही नाही. घामाघूम होऊन दात-ओठ खात अंगठा पकडणाऱ्या माणसाचं आसन स्थिरही नसतं आणि सुखाचं तर नसतंच.

आता तुमच्या त्या खटकन होण्याबद्दल, कारण मी त्यातून गेलेय. मी शिकायला लागले तेव्हा एका शिबिरात पश्चिमोत्तानासनात होते, शिकवणाऱ्यांनी मागून येऊन माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी भार दिला, चांगल्या मनानेच दिला असेल, आणि माझं डोकं गुडघ्याला लागलंही, सगळे वा वा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून उजव्या बैठकीच्या हाडाशी दुखायला लागलं. स्कूटरवर बसले की दुखायचं, जिना चढताना दुखायचं, आणि मी काय करायचे तर तिथे ताण बसतोय म्हणजे अजून स्ट्रेच केलं पाहिजे असं समजून रोज वाकून वाकून त्याच जागेला ताणायचे. आठ महिने काढले. शेवटी एका फिजिओने सांगितलं की बाई, स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथला दोरा दुखावलाय, तो ताणून बरा होत नाही, उलट दाबला जातो, ताणणं बंद करा आणि हळूहळू ताकद द्या. बंद केलं आणि मग कुठे उतार पडला. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये मी कुणाच्या पाठीवर हात ठेवला तर तो उचलायला ठेवते, दाबायला नाही.

त्यामुळे ताण किती आहे यापेक्षा ताण कुठे आहे हे बघायला शिका. मांडीच्या मागे मधोमध, जिथे मांस भरलेलं आहे तिथे ओढ बसली तर ठीक. अगदी वर बैठकीच्या हाडाशी किंवा खाली गुडघ्याच्या मागच्या खळगीत बसली तर लगेच गुडघा वाकवा, तेवढ्याने ती ओढ मधे सरकते. आणि तिसरा एक प्रकार असतो जो लोकांना कुणी सांगत नाही. पाय सरळ वर केला, पंजा आपल्याकडे खेचला आणि पोटरीतून करंट गेल्यासारखं, झिणझिण्या आल्यासारखं, चरचरल्यासारखं झालं तर तो स्नायू नाही, ती नस आहे. नस ताणून लांब होत नाही, ती फक्त चिडते. पंजा सैल सोडा, गुडघा वाकवा, करंट गेला पाहिजे. तरी जात नसेल किंवा एरवीही कमरेतून पायात कळ जात असेल तर आसनं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि झटके द्यायचे नाहीत. शाळेत पीटीला एक-दोन, एक-दोन करत वाकायला लावायचे ना, ते विसरा. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक बारीक सेन्सर असतात, झटक्यात ओढलं की मेंदूला विचारायच्या आधीच पाठीच्या कण्यातून त्या स्नायूला हुकूम येतो की आखड. म्हणजे तुम्ही जितका जोर लावणार तितका तो उलटा ओढणार, हे भांडण जिंकता येत नाही. सावकाश जाऊन, जिथे ओढ जाणवते पण श्वास नाकाने आरामात चाललाय तिथे थांबलं, अर्धा मिनिट, म्हणजे पाच-सहा संथ श्वास, की मग ती पकड सैल व्हायला लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत जो फरक पडतो तो स्नायू खरोखर लांब झाल्यामुळे फारसा नसतो, शरीराला तेवढ्या ताणाची भीती वाटेनाशी होते म्हणून असतो. म्हणूनच रविवारी दीड तास घाम गाळण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त कामाची, भीती रोज थोडी थोडी भेटूनच जाते. तुमचा श्वास अडला किंवा जबडा आवळला गेला तर समजा की दोन इंच जास्त गेलात, परत या.

रोज नेमकं काय करायचं ते सांगते, पण हे पाठ करून एकामागून एक उरकायचं नाही. सगळ्यात आधी पंचा शोधा, नसला तर बायकोची जुनी कॉटनची ओढणी, ताणली जाणारी सिंथेटिक नको. जमिनीवर उताणं झोपा, डावा गुडघा वाकवून तळवा जमिनीवर, उजव्या पायाच्या चवड्याला पंचा अडकवून पाय वर. कोपरं जमिनीवर टेकलेली पाहिजेत, म्हणजे पंचा लांब धरा, खांदे उचलून मारामारी करू नका. गुडघा वाकलेला असला तरी चालेल, माझं तर म्हणणं पहिले पंधरा दिवस वाकलेलाच ठेवा. यात मजा अशी आहे की पाठ जमिनीवर सपाट पडलीय, तिला गोल व्हायची सोयच नाही, त्यामुळे सगळं काम खुब्यातूनच होतं. याला सुप्त पादांगुष्ठासन म्हणतात, अंगठा धरता येत नाही म्हणून पंचा. याच्याहूनही आरामाचा प्रकार दाराच्या चौकटीत, एक पाय दारातून पलीकडे आडवा, दुसरा चौकटीला टेकवून वर, बूड चौकटीपासून हवं तेवढं लांब, दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहायचं. घरातल्यांनी ओलांडून जाताना टोमणे मारले तर मारू द्या.

दुसरा प्रकार ओट्याचा. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तळवे टेका आणि मागे मागे चालत जा, खुब्यातून वाका, पाठ टेबलासारखी सपाट झाली की थांबा, कान दंडांच्या रेषेत, गुडघे थोडे वाकलेले, आणि बूड मागच्या भिंतीकडे ढकलत राहा. खांदे, बगला, पाठ, मांड्यांची मागची बाजू सगळं एका दमात मोकळं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीने कुकरच्या पहिल्या शिट्टीपर्यंत हे करायचं असा नियम केलाय. मी तिला म्हटलं गॅस बारीक असेल तर मरशील, मधे मधे उभी राहा. क्लासमधलं अधोमुख श्वानासन, ते डोंगरासारखं दिसतं ते, आखडलेल्या माणसाला जमिनीवर करायला लावलं की सगळा भार मनगटांवर येतो आणि पाठ उंटासारखी होते, म्हणून पहिले दोन-तीन महिने ओटाच बरा.

मग थोडं मार्जारासन, म्हणजे रांगत्या स्थितीत पाठ वर-खाली, श्वासाबरोबर, आठ-दहा वेळा, गुडघ्याखाली चादर. थोडं भुजंगासन, म्हणजे पालथं झोपून छाती वर उचलायची, पण कोपरं जमिनीवर ठेवूनच, दिवसभर पुढे झुकून बसणाऱ्याला मागे वाकण्याची गरज जास्त असते आणि क्लासात वेळ जातो पुढे वाकण्यात. सेतुबंधासन चुकवू नका, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, सावकाश वर, सावकाश खाली, आठ वेळा. लोकांना वाटतं आखडणं म्हणजे नुसतं ताणायचं काम, पण खुर्चीत बसून बसून बुडाचे आणि मांडीच्या मागचे स्नायू अशक्त झालेले असतात, आणि अशक्त स्नायू स्वतःला जपण्यासाठी घट्ट धरून बसतो. त्याला जोर आला की तो सैल पडायला तयार होतो. त्याच कारणासाठी खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न पडता सावकाश बसायचं, दहा वेळा. वीरभद्रासनाच्या आधी हे जमलं पाहिजे.

उकिडवं बसणं हा वेगळा विषय आहे आणि मला त्यावर बोलायला आवडतं. आपल्या आज्या उकिडव्या बसून भांडी घासायच्या, भाजी निवडायच्या, विळीवर बसायच्या. दिवसातून निदान एकदा तरी अख्ख्या महाराष्ट्राचा खुबा, गुडघा आणि घोटा पूर्ण वाकत होता, संडासात का होईना. कमोड आला, डायनिंग टेबल आलं, गॅसचा ओटा आला, सगळं सोयीचंच आहे, माझ्याही घरी आहे, पण ते वाकणं आयुष्यातून गेलं ते गेलंच. शरीराचा हिशोब सरळ आहे, जे वापरणार नाही ते काढून घेतो. म्हणून खिडकीचं ग्रील दोन्ही हातांनी धरा, टाचांखाली घडीची चादर किंवा जाडजूड पुस्तक ठेवा आणि उकिडवे बसा, भार बराचसा हातांवर राहू द्या. पहिल्या दिवशी अर्ध्यातच थांबाल, तिथेच थांबा. गुडघ्याचं दुखणं आधीपासून असेल तर हे करू नका.

शेवटी शवासन, पाय खुर्चीवर ठेवून, पोटऱ्या खुर्चीच्या सीटवर आडव्या, पाच-सात मिनिटं. आयटीवाले हे सोडून मीटिंगला पळतात. पळू नका.

काय करू नये हेही सांगते, कारण तुमचा पुढचा प्रश्न सूर्यनमस्काराचाच असणार. महाराष्ट्रात योगा म्हटलं की सूर्यनमस्कारच डोळ्यांसमोर येतात. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकात त्यांचा एवढा प्रसार केला की आजही शाळांमध्ये, व्यायामशाळांत तोच पाया धरला जातो, आणि रथसप्तमीला १०८ घालायची चढाओढ असते. माझाही विरोध नाही, मी रोज बारा घालते. पण आखडलेल्या माणसाने वेगाने सूर्यनमस्कार घातले की प्रत्येक नमस्कारात दोनदा तो पाठ गोल करून, झटक्यात, हात जमिनीकडे फेकतो, बारा नमस्कार म्हणजे चोवीस झटके, थंडीत, सकाळी सहाला. दर रथसप्तमीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे कमरेत उसण भरलेले दोन-चार जण येतातच. घालायचेच असतील तर हात जमिनीऐवजी खुर्चीच्या सीटवर टेकवून घाला, गुडघे वाकवून, तीनच घाला, एकेक नमस्कार मिनिटभर लागला पाहिजे. हलासन, सर्वांगासन, शीर्षासन यांचं सध्या नावही काढू नका, मोबाइलवर बघून तर अजिबात नाही, मानेचे मणके या भारासाठी नाहीत.

पद्मासनाचं वेड असेल तर तेही थोडं बाजूला ठेवा. गुडघा ही बिजागरी आहे, दार उघडावं तसा तो वाकतो, पण वळत फार थोडा. पाय उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवायला जे वळण लागतं ते खुब्यातून आलं पाहिजे. खुब्याने नाही दिलं आणि तुम्ही घोटा धरून ओढलात तर ते गुडघ्यातून वसूल होतं आणि आतली गादी फाटते. आणि खुब्याची खोबण किती खोल आहे, मांडीच्या हाडाची मान कुठल्या कोनात बसलीय हे प्रत्येकाचं वेगळं असतं, हाड हाडाला लागलं की तिथे संपलं, वीस वर्षं ताणलं तरी हाड ताणत नाही. ओढ जाणवत असेल तर तिथे काम करायला वाव आहे, पण समोरून जांघेत टोचल्यासारखं, अडकल्यासारखं होत असेल तर ती तुमची हद्द समजा. मला स्वतःला पद्मासन डाव्या बाजूने येत नाही. एकोणीस वर्षं शिकवतेय तरी येत नाही. स्वस्तिकासनात बसते, काही बिघडत नाही.

वेळेचं विचाराल तर तुमच्यासारख्याने संध्याकाळी करावं असं मी म्हणेन, शास्त्री लोक रागावतील. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी आपण सेंटिमीटरभर उंचही असतो, आणि उठल्या उठल्या तासभर खोल पुढे वाकणं कमरेला महागात पडतं. संध्याकाळी अंग तापलेलं, सैल असतं. सकाळीच जमत असेल तर आधी घरात जरा हिंडा, चहाऐवजी कोमट पाणी घ्या, मार्जारासनाने सुरुवात करा आणि पुढे वाकणं शेवटी ठेवा. जेवणानंतर तीन-चार तास, पोहे-उपमा खाल्ला असेल तर दोन तास जाऊ द्या. कपड्यांचं, मॅटचं काही नाही, सतरंजी घसरत नसेल तर सतरंजी चालते.

ब्लड प्रेशर जास्त असेल, काचबिंदू असेल, स्लिप डिस्क, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान, गुडघा बदललेला, गरोदरपण, यातलं काहीही घरात कुणाला असेल तर मी वर लिहिलेलं तसंच्या तसं त्यांना करायला लावू नका. उदाहरणार्थ हाडं ठिसूळ असलेल्या बाईने पाठ गोल करून पुढे वाकणं म्हणजे मणका चेपण्याची भीती, आणि काचबिंदूवाल्याने डोकं खाली करायचंच नाही.

क्लास परत लावायचा तर आधी एक दिवस नुसतं बघायला बसू द्या म्हणा. शिकवणारा दुखण्याखुपण्याचं विचारतो का, कोपऱ्यात उशा-खुर्च्या रचलेल्या दिसतात का, न जमणाऱ्याला दुसरा पर्याय देतो का की त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर हसतो, आणि पाठीवर दाब देतो का. दाब देत असेल तर चपला घालून निघा. पंधरा-वीसच्या वर माणसं असतील तर शिकवणाऱ्याचं तुमच्याकडे लक्ष जाणं कठीण, तो कितीही चांगला असला तरी. त्या साठीच्या काकूंकडे बघू नका, त्या कदाचित अजूनही जमिनीवर बसून पोळ्या लाटत असतील.

प्रगती मोजायला हात कुठे पोचला हे बघू नका, महिनाभर तर नाहीच. दंडासनात किती घड्यांवर कंबर उभी राहते ते मोजा. मोजे उभ्याने घालता यायला लागले का, गाडीतून उतरताना दाराला धरायला लागतं का, हे बघा. माझ्या अनुभवात रोज पंधरा मिनिटं करणाऱ्याला तीन-चार आठवड्यांत कमरेत हलकं वाटायला लागतं आणि बोटं खाली सरकायला तीन-चार महिने जातात, आणि मधे एखादा आठवडा असा येतोच की सगळं परत पहिल्यासारखं आखडतं, प्रवास झाला, जागरण झालं, रिलीजची डेडलाइन आली की हमखास. तेव्हा घडी वाढवायची, बस.

राहिलं तुमचं दुखणं. खटकन झालं तेव्हा मांडी काळी-निळी पडली होती का, दोन-तीन दिवस लंगडत होतात का? तसं असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवून या. नसेल तर एवढंच सांगा की नेमकं कुठे झालं होतं, मांडीच्या मधोमध की वर बैठकीच्या हाडाशी. मधोमध असेल आणि आता चालताना काही जाणवत नसेल तर पंचा घेऊन आजपासून लागा, गुडघा वाकवूनच. हाडाशी असेल तर पंचा आणि ओटा दोन्ही तीन-चार आठवडे बाजूला राहू द्या, तोवर फक्त सेतुबंध, खुर्चीतून उठणं-बसणं आणि दोन चादरींवर पाठ ताठ ठेवून मांडी घालून बसणं. चादरी सोलापुरीच घ्या, फोमची उशी दबते आणि एका बाजूला कलते.